सोलापूरच्या गच्चीवरून गिगापिक्सेल पॅनोरमा: सामान कुठल्या क्रमाने निवडायचं

गिगापिक्सेल पॅनोरमा, म्हणजे शेकडो फोटो जोडून केलेलं एकच प्रचंड चित्र, करायचाय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) कुठली घेऊ? माझ्या मते हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरवर यायला हवा, आणि सोलापुरात तर नक्कीच. इथे तुमचा पॅनोरमा किती मोठा होणार हे आधी हवा ठरवते. त्यानंतर हेड (स्टँडवर बसून कॅमेरा फिरवणारा भाग) आणि स्टँड, मग लेन्स, आणि कॅमेरा त्याच्याही मागे. लेखही त्याच क्रमाने आहे.

एक गिगापिक्सेल म्हणजे 100 कोटी पिक्सेल. तुमचा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा असेल आणि शेजारच्या फोटोंचा आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी साधारण 30 टक्के भाग एकमेकांवर चढत असेल, तर ऐंशी-पंच्याऐंशी फोटोंत एक गिगापिक्सेल होतो. म्हणजे पहिला गिगापिक्सेल घरात आहे त्या सामानात निघतो. खर्चाचा आणि डोकेदुखीचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

विक्रम करणाऱ्यांनी काय वापरलं

2009 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा 26 गिगापिक्सेलचा पॅनोरमा आला आणि तो त्या वेळी जगातला सर्वात मोठा ठरला. कॅनन 5डी मार्क टू, 400 मिमी लेन्स (हा आकडा म्हणजे फोकल लेंथ; तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), 1,665 फोटो, आणि हे सगळं तीन तासांच्या आत. 2013 मध्ये लंडनच्या बीटी टॉवरवरून काढलेला 320 गिगापिक्सेलचा पॅनोरमा प्रसिद्ध झाला. त्यासाठी 48,640 फोटो लागले. 2015 मध्ये माँ ब्लाँ पर्वताचा 365 गिगापिक्सेलचा आला: सुमारे 70,000 फोटो, 35 तास शूटिंग, 46 टेराबाइट डेटा.

आता गंमत बघा. लंडनला बॉडी होती कॅनन 7डी आणि माँ ब्लाँला 70डी. दोन्ही क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या), मध्यम किमतीच्या, आपल्याकडे लग्नाच्या फोटोग्राफरकडेही सापडायच्या अशा. पैसा गेला होता तो 400 मिमी एफ/2.8 लेन्स, त्यावर लावून फोकल लेंथ दुप्पट करणारा एक्स्टेंडर, आणि जर्मन बनावटीचं मोटर असलेलं हेड यांत. माँ ब्लाँची टीम साडेतीन हजार मीटर उंचीवर, उणे दहा अंशांच्या थंडीत उभी होती. तसली हवा आपल्याला मिळणार नाही, आणि सामान निवडताना सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडतो.

पायरी पहिली: हवेची परीक्षा

24 मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा आणि 400 मिमी लेन्स घेतली, तर एक किलोमीटरवर एका पिक्सेलमध्ये साधारण एक सेंटिमीटर जागा बसते. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात पत्रे, डांबर आणि सिमेंटच्या गच्च्या तापल्या की त्यांच्यावरून उठणारी गरम हवा प्रतिमा सतत हलवत राहते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा सकाळी दहानंतर लांबच्या इमारतीची सरळ कडा नागमोडी दिसते. अशा वेळी 800 मिमी लावून चौपट पिक्सेल मिळवले तरी त्यांत तपशील काही वाढत नाही. तोच धुरकट तपशील मोठा होऊन येतो, इतकंच.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी एक चाचणी करा. जिथून पॅनोरमा काढायचा त्याच गच्चीवर, असेल ती लांब लेन्स लावा आणि कॅमेरा स्टँडवर घट्ट करा. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून सिद्धेश्वर मंदिराचा कळस, नाहीतर दीड-दोन किलोमीटरवरच्या एखाद्या दुकानाची पाटी बघा. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने बघा, नऊला बघा, अकराला बघा. पडद्यावर कळसाची कड किती थरथरते ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. प्रत्येक वेळी 1/1000 शटरने दहा फोटो काढून ठेवा. दहांपैकी आठ-नऊ कडक आले तर तेवढी फोकल लेंथ त्या वेळेला चालते. दोन-तीनच आले तर त्याहून लांब लेन्ससाठी कर्ज काढू नका.

आपल्याकडे हवा साथ देते ती दोन मोसमांत. एक, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. तिच्यातही पहाटेचा धूर आणि धुरळा जमिनीलगत बसलेला असतो, तो विरायला थोडा वेळ द्यावा लागतो. दुसरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाची सर येऊन गेल्यावरचा उघडा दिवस. धूळ खाली बसलेली असते आणि होटगी रोडच्या बाजूचं लांबचं क्षितिजही धुतल्यासारखं दिसतं. दोन्ही वेळी हाताशी वापरण्याजोगे दोनेक तास धरा. पुढचा सगळा हिशोब या दोन तासांवर आहे.

पायरी दुसरी: फोकल लेंथचा हिशोब

समजा गच्ची पाच-सात मजल्यांवर आहे. क्षितिजाच्या वर 10 अंश आणि खाली 20 अंश, असा 30 अंशांचा पट्टा आपल्याला हवाय. गोल 360 अंश फिरायचं, 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर, कॅमेरा आडवा, 30 टक्के ओव्हरलॅप, आणि हेड हलणं, स्थिर होणं, फोटो निघणं धरून दर फोटोला चार सेकंद. आकडे असे येतात:

100 मिमी: सुमारे 200 फोटो, 2 गिगापिक्सेल, पाव तास.
200 मिमी: सुमारे 770 फोटो, साडेआठ गिगापिक्सेल, पाऊण-एक तास.
400 मिमी: सुमारे 2,900 फोटो, 34 गिगापिक्सेल, सव्वातीन तास.
800 मिमी: सुमारे 11,600 फोटो, 137 गिगापिक्सेल, तेरा तास.

फोकल लेंथ दुप्पट केली की पिक्सेल चौपट आणि फोटोही जवळपास चौपट. 800 मिमीचे तेरा तास म्हणजे सकाळची सावली एका टोकाला आणि संध्याकाळची दुसऱ्या टोकाला. लंडन आणि माँ ब्लाँवाल्यांनी ते अनेक दिवसांच्या कष्टाने निभावलं. आपल्या दोन तासांत 1,800 फोटो बसतात. म्हणजे दोनच मार्ग उरतात: 200 मिमीने पूर्ण गोल, किंवा 400 मिमीने 120 अंशांचा तुकडा. हा तुकडा साधारण 970 फोटोंत आणि तासाभरात होतो आणि 11 गिगापिक्सेल भरतो. भुईकोट किल्ला, तलाव आणि मंदिर एकत्र येणारा कोन मिळाला तर मी बेलाशक दुसरा मार्ग घेईन. गोल पॅनोरमात अर्धी बाजू पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेनांचीच असते.

पायरी तिसरी: हेड

सर्वात जास्त पैसे इथे घाला. हजार फोटो हाताने फिरवून काढता येतात, क्लिक-स्टॉप (ठरावीक अंशांवर बसणारा खटका) असलेल्या मॅन्युअल पॅनोरमा हेडवर लोक काढतातही. पण सहाशेव्या फोटोला कुठली ओळ चालू होती हे आठवेनासं होतं आणि एखादी खिडकी राहून जाते. मोटरचं हेड ही गडबड करत नाही.

त्याहून मोठं कारण जोडणीचं आहे. सॉफ्टवेअर दोन फोटोंमधले सारखे बिंदू शोधून ते जोडतं. रिकाम्या निळ्या आभाळात आणि सिद्धेश्वर तलावाच्या हलत्या पाण्यात त्याला असा एकही पक्का बिंदू सापडत नाही. हेडने फोटो अचूक जाळीत काढले असतील, तर सॉफ्टवेअरला सांगता येतं की अमुक फोटो सातव्या ओळीतला, बाराव्या रकान्यातला आहे, तिथेच बसव. मॅन्युअल हेडवर आभाळाच्या दोन ओळी जागेवर बसवता बसवता रात्र जाते.

पर्याय तीन प्रकारचे. खास पॅनोरमासाठीची हेडं, उदाहरणार्थ गिगापॅन एपिक मालिका किंवा क्लाउसची रोडिऑन. यातलं दुसरं विक्रमवाल्यांचं आणि त्याच भावाचं. दुर्बिणीसाठीची मोटराइज्ड माउंट; स्काय-वॉचरचं मर्लिन हे माउंट लोकांनी पॅपीविझार्ड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने पॅनोरमासाठी चालवलं. तिसरा, मॅन्युअल क्लिक-स्टॉप हेड. कुठलंही घ्या, पेलण्याचं वजन कॅमेरा आणि लेन्सच्या दीडपट तरी असू द्या. आणि ते अंशाच्या दशांशात पावलं टाकतं का, ते विकणाऱ्याकडून वदवून घ्या. 400 मिमीवर एक आडवं पाऊल 2.3 अंशांचं असतं. पंधरा-पंधरा अंशांचे खाचे असलेलं हेड तिथे उपयोगाचं नाही.

नोडल पॉइंटची (लेन्समधला तो बिंदू, ज्याभोवती कॅमेरा फिरवला तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकत नाहीत) काळजी किती करायची? लांब लेन्सने लांबचंच घेत असाल तर फारशी नाही. गच्चीचा कठडा किंवा शेजारचा मोबाइल टॉवर चौकटीत असेल तर पूर्ण करायची. मी तर स्टँड कठड्याला खेटून लावतो आणि कठडा चौकटीबाहेरच ठेवतो.

पायरी चौथी: स्टँड

मधला दांडा वर काढायचाच नाही. तो नसलेलं स्टँड मिळालं तर आणखी बरं. कार्बन फायबर हलकं असतं, पण तुम्ही गच्चीवर चढणार आहात, कळसूबाईवर नाही. जड ॲल्युमिनियम चालेल. एक सुचवतो: जमीन मोजणीवाल्यांचं लाकडी स्टँड. लाकूड कंपन छान जिरवतं, उन्हाने फारसं फुगत नाही आणि सेकंडहँड स्वस्तात मिळतं. त्याचा स्क्रू 5/8 इंचाचा असतो आणि कॅमेऱ्याच्या हेडला 3/8 लागतो. मधला ॲडॅप्टर ऑनलाइन मिळतो, नाहीतर लेथवाला तासाभरात करून देतो.

स्टँड स्लॅबच्या मध्यावर लावू नका, खांबाच्या किंवा तुळईच्या डोक्यावर लावा. घर जुनं, माळवदाचं असेल तर दुसरी गच्ची शोधा. माळवदावर माणूस चालला तरी 400 मिमीवर अख्खी चौकट उडी मारते. टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद ठेवायला घरमालकांना आधी सांगा. आणि पायाखाली मऊ म्हणून सोलापुरी चादर घडी करून घालायचा मोह टाळा. मऊ बूड म्हणजे डुलणारा कॅमेरा. वारा असेल तर पिशवीत विटा भरून स्टँडला टांगा, पण पिशवी जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर तीच झोके घेते.

पायरी पाचवी: लेन्स

200 मिमीचा मार्ग धरला तर 70-200 एफ/4 ही सगळ्यात शहाणी निवड. जुनी घ्या, स्टॅबिलायझर नसलेली घ्या. स्टँडवर तो तसाही बंदच ठेवायचा असतो. 400 साठी 400 मिमी एफ/5.6 सारखी साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) किंवा 100-400 झूम. झूम असेल तर रिंग चिकटपट्टीने जाम करा. कॅमेरा खाली झुकला की झूमची नळी आपल्या वजनाने सरकते आणि मग एका ओळीची फोकल लेंथ दुसरीशी जुळत नाही. लेन्सला स्वतःची कॉलर, म्हणजे स्टँडवर बसवायचं कडं, हवीच. एवढं वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर लटकवून हेड फिरवणं म्हणजे दर फोटोला डुगडुग.

एक्स्टेंडर घेऊ का, असं विचारतात. विक्रमवाल्यांनी दुप्पट एक्स्टेंडर लावला तो एफ/2.8 लेन्सवर, त्यांना एफ/5.6 मिळालं (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान). तुमच्या एफ/5.6 लेन्सवर तो लावला तर एफ/11 होतं. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर एफ/8 च्या पुढे गेलं की विवर्तनाने (लहान तोंडातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) तपशील मऊ पडायला लागतो. पैसे वाचवा.

फोकसचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचे पॅनोरमा खालच्या ओळींत फसतात. 400 मिमी, एफ/8 वर पिक्सेलच्या पातळीवरची कडक प्रतिमा हवी असेल, तर अडीच किलोमीटरवर फोकस केल्यावर सव्वा किलोमीटरच्या पुढचंच कडक येतं. तीनशे मीटरवर फोकस केला तर जेमतेम 270 ते 340 मीटरचा पट्टा. म्हणजे नवी पेठेतली जवळची छपरं आणि लांबचं क्षितिज एका फोकसमध्ये येणं अशक्य. ओळींचे गट पाडा: वरच्या ओळी लांबचा फोकस, मधल्या मध्यम, खालच्या जवळचा. गट बदलताना त्या सीमेवरची एक ओळ दोन्ही फोकसने काढा. 200 मिमीवर हेच काम फार सोपं होतं. सव्वासहाशे मीटरवर फोकस ठेवला की सव्वातीनशे मीटरपासून पुढचं सगळं कडक, आणि जवळच्यासाठी आणखी एखादा गट पुरतो. पहिल्या पॅनोरमासाठी मी 200 चाच आग्रह धरतो तो यामुळे.

पायरी सहावी: बॉडी

तपशील ठरवतो तो पिक्सेलचा आकार, सेन्सरचा आकार नव्हे. 61 मेगापिक्सेलच्या महागड्या फुल फ्रेम बॉडीचा पिक्सेल साधारण 3.8 मायक्रॉनचा असतो, आणि 24 मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीचा 3.9. म्हणजे एकाच लेन्समागे दोघांचा तपशील जवळपास सारखा. फुल फ्रेममध्ये एका फोटोत जास्त जागा मावते, त्यामुळे फोटो निम्म्याहून कमी लागतात. म्हणजे महाग बॉडीने तुम्ही वेळ विकत घेता, तपशील नाही. दोन तासांच्या हवेत वेळेलाही किंमत आहे हे खरं, पण तेवढ्यासाठी लाखांत जायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा.

घ्यायची तर मिररलेस घ्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर आरशाची आदळआपट नाही आणि शटरही झिजत नाही. डीएसएलआरच्या शटरचं आयुष्य साधारण एक-दोन लाख फोटोंचं धरतात, आणि मनासारखा एक पॅनोरमा होईपर्यंत पाच-सहा हजार फोटो सहज उडतात. सेकंडहँड बॉडी घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) बघा, आणि आधीच्या मालकाने ती पॅनोरमालाच वापरली होती का तेही विचारा!

बॅटरीच्या जागी बसणारी डमी बॅटरी आणि मोठी पॉवर बँक घ्या. मध्येच बॅटरी बदलताना कॅमेरा केसभर हलला तरी जाळी बिघडते. हजार रॉ फोटो म्हणजे पंचवीस-तीस जीबी, 128 जीबीचं एक चांगलं कार्ड भरपूर झालं. लेन्सच्या नळीवर पांढरा टॉवेल गुंडाळा. ऊन चढलं की नळी तापून फोकस सरकतो, आणि टॉवेलाला सोलापुरात काय तोटा.

पायरी सातवी: काढायची पद्धत

सगळं मॅन्युअल: एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस. एफ/8, 1/500 किंवा त्याहून वेगवान, आयएसओ 200-400. सूर्याच्या दिशेचा आणि पाठीमागचा उजेड आधी मोजा आणि पांढऱ्या भिंती जळणार नाहीत असा मधला आकडा धरा. हेडला उभ्या रकान्यांत चालवा. आडव्या ओळींत गेलात तर वरचा आणि खालचा फोटो यांत तीन ते पाच मिनिटांचं अंतर पडतं आणि सावल्या तुटतात. रकान्यांत उजेड डावीकडून उजवीकडे हळूहळू बदलत जातो, डोळ्याला खुपत नाही. फोकसचे गट पाडले असतील तर प्रत्येक गट स्वतंत्र, पण गटाच्या आत रकानेच.

हेड थांबल्यावर किती थांबायचं? एकाच जागी हेड हलवून लगेच, एका सेकंदाने आणि दोन सेकंदांनी असे फोटो काढून शंभर टक्के मोठे करून बघा. जिथे थरथर संपते तो तुमचा आकडा.

गड्ड्याच्या यात्रेचा पॅनोरमा करायची इच्छा अनेकांना असते. संक्रांतीच्या दिवसांत हवा उत्तम, होम मैदान फुललेलं, नंदीध्वज निघालेले. पण तासभर चालणाऱ्या जाळीत एकच माणूस चार ठिकाणी दिसेल आणि कोणाचं धड एकीकडे तर पाय दुसरीकडे. गर्दीसाठी फोटो कमी करा. 2009 मध्ये ओबामांच्या शपथविधीचा दीड गिगापिक्सेलचा गाजलेला पॅनोरमा कॅननच्या जी10 या खिशातल्या कॅमेऱ्याने आणि फक्त 220 फोटोंत झाला होता. यात्रेला 100 मिमी पुरे.

गच्ची कोणाची, परवानगी कोणाची हे आधी लेखी करून घ्या. ड्रोनचा विचार सोडा, विमानतळ शहराला खेटून आहे. आणि दोनशे मीटरवर 400 मिमीचा एक पिक्सेल दोन मिलिमीटरचा असतो. लोकांच्या उघड्या खिडक्या, गच्चीवर झोपलेली माणसं, गाड्यांचे नंबर सगळं वाचता येतं. प्रसिद्ध करण्याआधी ते पुसट करायची जबाबदारी तुमची.

पायरी आठवी: जोडणी आणि साठवण

जोडायला पीटीगुई घ्या. जाळीनुसार फोटो बसवण्याची सोय त्यात आहे आणि हजारो फोटो ते पेलतं. ह्युगिन मोफत आहे, दोन-तीनशे फोटोंपर्यंत त्यावर हात बसवा. जुन्या लेखांत ऑटोपॅनो गिगाची शिफारस दिसेल. ती कंपनी 2018 मध्ये बंद झाली.

कॉम्प्युटरला 64 जीबी रॅम आणि दोन टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह द्या. रॅम कमी पडली तर काम हळू होतं, ड्राइव्ह भरली तर मध्येच थांबतं. 11 गिगापिक्सेलची 16-बिट फाइल 70 जीबीच्या आसपास जाते आणि जोडणी चालू असताना तात्पुरत्या फायली त्याच्या कितीतरी पट जागा खातात.

फाइलच्या मर्यादाही आधी माहीत असू द्या. जेपेगची एक बाजू 65,535 पिक्सेलपलीकडे जात नाही. फोटोशॉपच्या मोठ्या फायलींसाठीच्या पीएसबी प्रकाराची मर्यादा तीन लाख. 200 मिमीचा पूर्ण गोल तीन लाख वीस हजार पिक्सेल रुंद होतो, म्हणजे तोही पीएसबीत मावत नाही. 400 मिमीचा 120 अंशांचा तुकडा दोन लाख चौदा हजारांचा, तो आरामात बसतो. पूर्ण गोल हवाच असेल तर बिगटिफमध्ये (मोठ्या फायलींसाठीचा टिफ प्रकार) काढा किंवा दोन तुकडे करून रंग दुरुस्त करा.

लोकांना दाखवायला फाइलचे 512 पिक्सेलचे छोटे चौकोन पाडावे लागतात. लिबविप्स हे मोफत साधन ते काम कमी रॅममध्ये करतं, आणि पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ओपनसीड्रॅगन ते उघडतं. आपल्या 11 गिगापिक्सेलचे सगळ्या पातळ्या मिळून अठ्ठावन्न हजारांच्या आसपास चौकोन होतात. स्वस्त होस्टिंगवर फायलींच्या संख्येला मर्यादा असते. त्यामुळे होस्टिंग घेताना जागा किती जीबी यासोबत फायली किती चालतील हेही विचारा, आणि चौकोन एकेक न चढवता झिप करून चढवा, सर्व्हरवर उलगडा.